तोल कमी असताना मोटारीची सायकल: आधी सीट खाली, मग मोटार

तासगाव तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांचे वय ६१ वर्षे आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या आतल्या कानाला विषाणूचा संसर्ग झाला. आता चक्कर येत नाही, मात्र त्या कानाची तोल सांभाळण्याची शक्ती पुरती परत आलेली नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. द्राक्षाचा मळा घरापासून चार किलोमीटरवर आहे. त्यातील तीन किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटचा एक मुरमाचा. घरात तीस वर्षे वापरलेली काळी, दांडीची सायकल आहे. तिला मोटार बसवून आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लहान चाके लावून मळ्यावर जाता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. घरच्या मंडळींचा विरोध असल्याचेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे.

गुरुजी, मी मिरजेत सायकली जुळवण्याचे काम करतो. मिरज हे दवाखान्यांचे गाव असल्यामुळे कानाच्या, मेंदूच्या आणि मणक्याच्या आजारातून उठलेली माणसे औषधांच्या पिशवीसह माझ्या दुकानापर्यंत येतात. माझा स्वतःचा डावा कानही याच तऱ्हेने अधू झालेला आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातले काही मी दुसऱ्यांसाठी काम करताना शिकलो आणि काही गुडघे फोडून घेऊन शिकलो. आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की मोटार बसवावी, लहान चाके बसवू नयेत, आणि त्या काळ्या सायकलीला हातही लावू नये. याची कारणे मात्र सविस्तर सांगावी लागतील.

तोल तीन ठिकाणांहून मिळणाऱ्या खबरींवर राखला जातो: डोळे, आतला कान, आणि तळपाय, घोटे व मानेच्या सांध्यांतून येणारी जाणीव. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोके कोणत्या दिशेला किती वेगाने वळले हे त्या मेंदूला कळवतात. एका बाजूची खबर कमी पडली की मेंदू उरलेल्या दोन साधनांवर, विशेषतः डोळ्यांवर, जास्त भिस्त ठेवू लागतो. म्हणूनच आपल्याला दिवसा अंगणात काही जाणवत नसेल, पण संध्याकाळी अंधुक उजेडात, मऊ मातीवर किंवा चालता चालता कोणी हाक मारली म्हणून मान वळवली की पाऊल तिरके पडत असेल. सायकलची सगळी रचना या एका गोष्टीभोवती करायची आहे. मधुमेहाने तळपायांची जाणीव गेलेल्या माणसाची अडचण वेगळी असते. त्याला पायडलवर पाऊल नीट ठेवले गेले आहे की नाही हे कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी पायडल रुंद आणि कडा असलेले लागते. डोके ठरावीक स्थितीत नेल्यावर काही सेकंद गरगरते, असा त्रास असलेल्यांनी तर सायकलीचा विचार करण्याआधी कानाच्या डॉक्टरांना भेटावे, कारण कानातले कण जागा सोडून सरकल्यामुळे होणारा हा त्रास डोके क्रमाक्रमाने वळवण्याच्या एप्ली नावाच्या पद्धतीने पुष्कळदा एकदोन बैठकांत बरा होतो. ज्यांना चक्कर पूर्वसूचना न देता झटक्याने येते, त्यांना मी सायकल बांधून देत नाही, मग ती दोन चाकांची असो वा तीन. आपले झटके थांबलेले आहेत, तरीही डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे, कारण मी कारागीर आहे, वैद्य नाही.

चालण्याचा तोल आणि सायकलीचा तोल एकच नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. पार्किन्सनच्या आजाराने ज्याची पावले जागच्या जागी खिळत होती असा एक ५८ वर्षांचा डच रुग्ण सायकल मात्र सफाईने चालवत असल्याचे तेथील मेंदुतज्ज्ञांनी २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले होते. चालत्या सायकलीला तोल देण्याचे बरेचसे काम सायकलच करत असते. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला तिचे पुढचे चाक आपोआप थोडे वळते आणि चाके पुन्हा वजनाच्या खाली येतात. हे केवळ चाकांच्या फिरण्यामुळे घडते, असा समज फार जुना आहे. पण नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०११ साली अशी एक सायकल करून दाखवली की जिच्यात चाकांच्या भिंगरीसारख्या फिरण्याचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी पुसून टाकला होता, तरीही धक्का दिल्यावर ती स्वतःहून सावरत होती. कारागिराच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. हँडल मोकळेपणाने वळले पाहिजे. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या कपातले छर्रे गंजलेले असतील, किंवा मिस्त्रीने कप जरा जास्त आवळला असेल, तर धडधाकट माणसाची सायकलही दारूड्यासारखी चालते. पुढचे चाक उचलून सायकल थोडी एका बाजूला कलती धरावी; चाक आपल्या आपण त्या बाजूला पडले पाहिजे. तोल जातो अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाची सायकल मी सर्वांत आधी अशी उचलून पाहतो, आणि काही वेळा काम तेवढ्यावरच संपते. हँडलला पिशवी किंवा दुधाची किटली अडकवण्याची आपल्याकडची सवयही याच कारणासाठी सोडावी लागते.

सायकलीचे हे स्वतःहून सावरणे वेगावर अवलंबून असते. ताशी सातआठ किलोमीटरच्या खाली ते जवळजवळ नसते, आणि सगळा तोल हँडल हलवून आपल्यालाच राखावा लागतो. आजारपणानंतर मी पहिल्यांदा सायकलीवर बसलो तेव्हा चांगला अर्धा किलोमीटर सरळ गेलो, मनात खूश झालो, आणि चौकात थांबण्यासाठी डावा पाय खाली टेकवताना जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली निघाल्यामुळे उताणा पडलो. त्यानंतर जे कोणी पडले त्यांना मी हेच विचारत आलो आहे, आणि बहुतेकांचे उत्तर सारखे असते: निघताना, थांबताना, वळून मागे पाहताना किंवा हात दाखवताना. भर रस्त्यात सरळ जाताना पडलेला माणूस मला क्वचितच भेटला.

आता मोटारीचा खरा उपयोग कळेल. मोटार तोल देत नाही. दोन गोष्टी मात्र ती करते. पहिली अशी की, सुमारे ९५ किलो एकूण वजनाची सायकल ती तीनेक सेकंदांत त्या डळमळीत वेगातून बाहेर काढते, आणि तेही पायडलवर उभे राहून जोर न लावता, म्हणजे शरीर डावीउजवीकडे न झुलता. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. सीट पूर्ण खाली घेतली आणि दोन्ही तळपाय सपाट जमिनीवर टेकले तर थांबताना पडण्याची भीती जवळजवळ संपते. पण इतक्या खालच्या सीटवरून पायडल मारले की गुडघे फार दुमडतात, मांड्या भरून येतात आणि चार किलोमीटर जाणे नको होते. त्या खालच्या सीटची किंमत मोटार भरते. आपल्या वयाचा माणूस मोटारीमुळे वेगाने जातो म्हणून ती बसवावी असे मी कधीच सांगत नाही. मोटारीमुळे त्याला खाली बसता येते, म्हणून ती बसवायची.

या एका कारणाने आपली काळी सायकल बाद होते. २८ इंची चाके आणि उंच सांगाडा यांमुळे तिची सीट कितीही खाली ठोकली तरी आपल्या टाचा वरच राहतील, आणि उतरताना पाय दांडीवरून फिरवावा लागेल, म्हणजे नेमक्या थांबण्याच्या क्षणी आपण एका पायावर उभे असाल. शिवाय तिचे सळईचे ब्रेक मोटारीच्या वजनाला पुरत नाहीत. आपण लेडीज सायकल घ्यावी, म्हणजे जिच्यातून पाय सरळ पुढून आरपार घालता येतो अशी, २४ किंवा २६ इंची चाकांची, रुंद टायरांची. हे नाव ऐकून पुष्कळ पुरुष मंडळी कपाळाला आठ्या घालतात. एका पैलवानाने तर, चारचौघांत विकत घ्यायला लाज वाटते म्हणून, ती मुलीच्या नावाने नेली. हँडल मागे वळलेले आणि उंच असावे, म्हणजे पाठ ताठ राहते, मान वर धरण्याचा ताण पडत नाही आणि नजर आपोआप दूर जाते.

मोटार कोणती, याबद्दल बाजारात बरेच सल्लागार भेटतील. पेट्रोलवर चालणारे जे दोन-स्ट्रोक इंजिन सायकलीच्या सांगाड्यात बसवून मिळते, ते आपल्यासाठी सर्वांत वाईट. ते सुरू करण्यासाठी आधी पायडल मारून वेग घ्यावा लागतो आणि मग क्लच सोडावा लागतो. क्लच बसताना जो हिसका बसतो तो आपल्या डळमळीत क्षणीच बसतो. थरथरीने हातांची जाणीवही बधिर होते. आपल्या पिढीने जी लूना पाहिली, १९७२ साली बाजारात आलेली, तीही पायडलचीच होती. पण तिचा सांगाडा इंजिनासाठी घडवलेला होता, सायकलीचा तसा नसतो. त्यातच कायद्याने २५ घनसेंटीमीटरपर्यंतचे इंजिनच मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहते आणि ही इंजिने त्याच्या कितीतरी वर असतात.

विजेची, मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात बसणारी, आत दाते असलेली २५० वॅटच्या आतली मोटार घ्यावी. ती अडीच ते तीन किलो भरते आणि बंद असताना चाकाला अडवत नाही. पुढच्या चाकातली मोटार बसवायला सोपी असते म्हणून मिस्त्री तिची शिफारस करतात. परंतु आपला शेवटचा किलोमीटर मुरमाचा आहे, आणि मुरमावर मोटारीच्या जोराने पुढचे चाक घसरले तर चांगला तोल असलेला माणूसही सावरत नाही. मागचे चाक घसरले तर बहुधा सायकलीचे ढुंगण थोडे हलते, एवढेच. मोटारीचा आस ज्या खाचेत बसतो ती खाच रुंद होऊ नये म्हणून पोलादी अडकपट्टी लावून ती सांगाड्याला घट्ट बांधलीच पाहिजे. ती न लावल्यास एखाद्या दिवशी आस खाचेत फिरतो, मोटारीच्या विजेच्या तारा तोडतो आणि चाक निखळते.

मोटारीपेक्षा तिला हुकूम देणारा कंट्रोलर महत्त्वाचा आहे. पायडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखणारा स्वस्त सेन्सर अर्धा फेरा झाल्यावर एकदम जोर सोडतो, आणि पायडल थांबवल्यावरही क्षणभर ढकलत राहतो. चक्राकार वळण घेताना हा क्षणभर फार मोठा असतो. पायाचा दाब मोजणारा सेन्सर महाग आहे, पण जितका पाय तितकाच जोर देतो. शक्य असल्यास तोच घ्यावा. तो परवडत नसेल तर कंट्रोलर असा निवडावा की ज्याचा जोर हळूहळू चढतो, आणि मदतीची सर्वांत खालची पायरीच वापरावी. दोन्ही ब्रेकच्या मुठींत मोटारीची वीज तोडणारा स्विच असलाच पाहिजे. मुठीने फिरवायचा ॲक्सिलरेटर मी तोल कमी असणाऱ्यांना देत नाही, कारण पडू लागलेला माणूस हँडल घट्ट आवळतो आणि आवळताना नेमका तो फिरवतो.

बॅटरीच्या बाबतीत लोभ आवरावा. सपाट रस्त्यावर, थोडे पायडल मारत गेल्यास किलोमीटरला १० ते १५ वॅट-तास खर्च होतात. आपले जाणे-येणे आठ किलोमीटरचे, म्हणजे मुरूम आणि थोडा चढ धरूनही १२० वॅट-तासांच्या आत. ३६ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी २५० वॅट-तास देते. ती दुप्पट पुरते आणि तिचे वजन दीड-दोन किलो असते. शिसे-आम्लाच्या (लेड-ॲसिड) तीन बॅटऱ्या स्वस्त पडतात, पण त्या बारा किलोपर्यंत जातात आणि त्यांना कॅरियरशिवाय जागा नसते. मागच्या चाकात मोटार आणि कॅरियरवर बारा किलो, अशी सायकल उभी असतानाच हातातून निसटू पाहते. बॅटरी सीटखालच्या नळीला किंवा सांगाड्याच्या मधोमध, जमेल तितकी खाली बांधावी.

नियमांचेही सांगून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार विजेच्या सायकलीची मोटार अर्धा तास सलग देता येणाऱ्या शक्तीच्या मापाने २५० वॅटपेक्षा कमी असेल, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा जास्त नसेल, आणि पुरेसे ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असेल, तर ती मोटार वाहन ठरत नाही. मात्र या अटी पूर्ण असल्याची मान्यता चाचणी करणाऱ्या संस्थेकडून मिळालेली असावी, अशी त्या नियमाची भाषा आहे. म्हणून घरी जुळवलेल्या सायकलीपेक्षा कारखान्यातून मान्यता घेऊन आलेली, खालच्या सांगाड्याची विजेची सायकल विकत घेऊन तिच्यात आपल्यापुरते फेरफार करणे कागदोपत्री अधिक निर्धोक असते. माझ्या धंद्याला हे बरे नाही, तरी खरे तेच सांगितले पाहिजे.

आता त्या लहान चाकांविषयी. मीही एकदा ती लावून दिली होती, आणि ती चूक अजून आठवते. सायकल वळताना आत कलली पाहिजे. बाजूची चाके तिला कलू देत नाहीत, त्यामुळे वळणावर सगळे वजन बाहेर फेकले जाते आणि बाहेरच्या त्या वीतभर चाकावर येते. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डाव्या कडेने चालता, म्हणजे डावे लहान चाक कायम खाली, आणि एखाद्या ठिकाणी ते डांबर सोडून साइडपट्टीत उतरले की सायकल तिकडेच आडवी होते. माझ्या गिऱ्हाइकाचे असेच झाले. सुदैवाने बाजूला उसाची सरी होती. खड्ड्यावर उलटा प्रकार होतो: दोन्ही लहान चाके टेकतात आणि मोटारीचे मागचे चाक अधांतरी फिरते. चाके जमिनीपासून दोन बोटे वर ठेवली तर सायकल या चाकावरून त्या चाकावर आपटत जाते आणि शरीराला तोलाविषयी खोटी खबर मिळत राहते. ज्यांच्या पायांत शक्ती नाही अशांसाठी स्कूटरला मोठी, स्वतंत्र स्प्रिंगची बाजूची चाके लावतात, त्या रचनेशी याची गल्लत करू नये.

तिसरे चाक लागणारच असेल तर पूर्ण तीनचाकी घ्यावी, पण तिचाही स्वभाव ओळखून. मागे दोन चाके असलेल्या उभट तीनचाकीच्या मागच्या चाकांत ७० सेंटीमीटर अंतर आणि बसणाऱ्यासह वजनाचा मध्य जमिनीपासून ९५ सेंटीमीटरवर धरला, तर पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी बारा किलोमीटरच्या आसपास आतले चाक उचलू लागते. मळ्याच्या फाट्यावरचे वळण साधारण तेवढेच असते. पुढे दोन चाके आणि खाली टेकून बसण्याची सीट असलेली तीनचाकी त्याच वळणावर अठरापर्यंत तग धरते, मात्र ती इतकी खाली असते की ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही आणि तिच्यातून उठायला चांगले गुडघे लागतात. शिवाय जन्मभर दोन चाकांवर बसलेला माणूस तीनचाकीवर वळताना सवयीने हँडल वळवायचे सोडून अंग झुकवतो आणि सरळ चारीत जातो. आपण चालू शकता, झटके येत नाहीत आणि दिवसा जाणार आहात, तेव्हा आज तरी आपल्याला तीनचाकीची गरज मला दिसत नाही. दोन महिन्यांच्या सरावानंतरही सरळ रेषेत वीस मीटर जाता आले नाही तर तिचा विचार करू.

सराव असा करावा. पहिले आठ दिवस पायडल काढून टाकावीत. सकाळी शाळेच्या मैदानावर, दोन्ही पायांनी जमीन ढकलत सायकल चालवावी, जशी लहान मुले चालवतात. मग किंचित उताराच्या जागी पाय उचलून नुसती घरंगळू द्यावी आणि ब्रेक लावून दोन्ही पाय एकदम टेकवून थांबावे. हे थांबणे शंभरदा तरी व्हावे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता पंधरा मीटर पुढच्या एखाद्या झाडावर ठेवावी, कारण आपला कान जे सांगत नाही ते आता त्या झाडाकडून कळणार आहे. त्यानंतर पायडल लावावीत, पण मोटार बंदच ठेवून. मोटार तिसऱ्या आठवड्यात, सर्वांत खालच्या पायरीवर, आणि निघताना एक पायडल पुढे वर असताना दोन्ही ब्रेक धरून, मग ब्रेक सोडत. घरातले कोणी सोबत असावे. सायकल धरण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या डोळ्यांसमोर सराव झाला की विरोध आपोआप निम्मा होतो, हा माझा अनुभव आहे.

रस्त्यावर मान वळवणे आणि हात सोडणे या दोन गोष्टी टाळण्याची सोय सायकलीतच करून ठेवावी. दोन्ही बाजूंना मोठे आरसे, बॅटरीवर चालणारे इंडिकेटर आणि अंगठ्याखाली हॉर्न. आरशात पाहूनही खात्री पटली नाही तर बाजूला थांबून, पाय टेकून मग मागे पाहावे. शिरस्त्राण डोक्यावर घट्ट बसणारे असावे; सैल असले तर ते हलते आणि त्यानेही गरगरल्यासारखे वाटते. मुरमाच्या किलोमीटरवर सुरुवातीचे काही आठवडे उतरून, मोटारीची चालण्याच्या वेगाची सोय वापरून सायकल हाताने न्यावी. मळ्यावरून परतताना सूर्य मावळण्याच्या आधी घरी पोहोचाल असे निघावे. दिव्याने आपण इतरांना दिसता, पण दिव्याच्या कवडशात आपल्या डोळ्यांना क्षितिज मिळत नाही, आणि आपल्याला ते हवे आहे.

मला आपली उंची कळवण्याची आवश्यकता नाही. रोज घालता ती चप्पल किंवा बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन पायांच्या मधे एक जाड पुस्तक खालून वर घट्ट सरकवावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे माप दुसऱ्या कोणाकडून घ्यावे. ते माप सेंटीमीटरमध्ये कळवा. त्यातून तीन-चार सेंटीमीटर वजा करून आपल्या सीटची उंची ठरेल, आणि ती सीट ज्या सांगाड्यावर तेवढी खाली येते तोच सांगाडा आपण शोधायचा.